ठराव मंजूर झाल्यानंतर

(यशवंतराव चव्हाण स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यशवंतराव चव्हाणांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात स्थानिक कारभारावर बोलायचं, तर त्यासाठी वेगळं निमित्त शोधावं लागत नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झालं आणि बरोबर दोन वर्षांनी, १ मे १९६२ रोजी, राज्यातल्या जिल्हा परिषदा कामाला लागल्या. मधल्या काळात वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अहवाल दिला आणि १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला. त्याआधीच्या बलवंतराय मेहता समितीने विकासकामांचं मुख्य केंद्र तालुक्याच्या आसपास धरलं होतं. नाईक समितीने ते जिल्ह्यावर आणलं, जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. आमदार-खासदारांनाही जिल्हा परिषदेचं सदस्यत्व दिलं गेलं नाही. या रचनेमागे एक मोठा विश्वास होता. लोकांनी निवडलेली माणसं आपल्या जिल्ह्याचा कारभार स्वतः पाहतील आणि त्याचा जाब जिल्ह्यातल्याच लोकांना देतील, असा तो विश्वास.

त्यातला पहिला भाग आपण पुष्कळ पुढे नेला. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा, नगरपालिका, महानगरपालिका यांना घटनेचं अधिष्ठान मिळालं. महिलांचं आरक्षण आपण २०११ मध्ये निम्म्यावर नेलं. लाखो सामान्य माणसं निवडून आली, सभेत बसली, ठराव करू लागली. दुसरा भाग, म्हणजे जाब देण्याचा, मात्र मागे पडला. आज मला त्याच मागे पडलेल्या भागाविषयी बोलायचं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. स्थानिक कारभाराची खरी परीक्षा ठराव मंजूर झाल्यानंतर सुरू होते. त्या परीक्षेला उतरायचं तर प्रत्येक निर्णयासोबत तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. निर्णय का घेतला याचं कारण, तो अमलात कोण आणणार त्याचं नाव, आणि कधीपर्यंत आणणार ती तारीख.

महाडचा ठराव

आपल्या इतिहासात याचा सर्वांत ठळक पुरावा महाडला आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर त्या दिवशी अन्याय संपला. प्रत्यक्षात तीन वर्षं अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना त्या तळ्यावर जाता आलं नाही. बोले यांना १९२६ मध्ये पुन्हा ठराव मांडावा लागला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं आधीच्या ठरावाची अंमलबजावणी करत नाहीत त्यांची अनुदानं थांबवा, अशी त्याची मागणी होती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी घेतलं. नगरपालिकेने ज्याला आधीच मान्यता दिली होती, तेवढंच त्यांनी केलं. त्यानंतर त्यांच्या अनुयायांवर हल्ले झाले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे मूळ ठरावानंतर तेरा वर्षांनी, बाबासाहेबांच्या बाजूने लागला.

महाडच्या सत्याग्रहाचा अर्थ फार मोठा आहे आणि तो कारभाराच्या प्रश्नापुरता आखडून टाकावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण कारभाराचा विचार करणाऱ्याने महाडकडे पाठ फिरवून चालत नाही. चांगला ठराव होता. तो करणारी माणसं होती; सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी माणसं त्या नगरपालिकेत होती आणि ती पुढेही बाबासाहेबांच्या पाठीशी उभी राहिली. तरी तळ्यापर्यंतची वाट मोकळी झाली नाही. ठरावाने परवानगी दिली, आणि पाण्यापर्यंत जाणाऱ्याच्या सोबत कोणी उभं राहायचं, हे कुणावरच सोपवलं गेलं नाही. अंमलबजावणीची जबाबदारी कुणाची हे ठरलं नाही, की गावातले बळकट लोक ती आपल्या हातात घेतात आणि ठराव मोडून काढतात. ही गोष्ट १९२७ इतकीच आजही खरी आहे.

इतिवृत्ताचं एक पान

आता आजच्या ग्रामपंचायतीत येऊ. कुठल्याही गावचं प्रोसिडिंग बुक उघडा. मी अनेक गावांत ती वाचली आहेत आणि त्यांतली भाषा जवळजवळ सारखीच असते. "विषय : गावांतर्गत रस्त्याचे काँक्रिटीकरण करणेबाबत. सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर." खाली सूचक, अनुमोदक, मग पुढचा विषय.

'सविस्तर चर्चा होऊन' या शब्दांशी जरा थांबू. चर्चेत काय झालं? पाच गल्ल्यांपैकी हीच गल्ली आधी का घेतली? याच गल्लीत तीन वर्षांपूर्वी काँक्रीट झालं होतं का? गटार आधी करायचं की रस्ता आधी? गावोगावी आपण पाहतो की जुन्या रस्त्यावरच नवा थर चढतो. रस्ता वर येतो, कडेच्या घरांचं जोतं खाली जातं, आणि पावसाळ्यात पाणी उंबरा ओलांडून आत येतं. त्या घरातल्या बाईने सभेत हे सांगितलं असेल किंवा नसेलही. इतिवृत्तात ते कुठेही नाही. पुढच्या वर्षी तिच्या घरात पाणी शिरलं, तर "तुमचं ऐकूनच निर्णय घेतला होता" असं कुणीही म्हणू शकतो आणि तिच्याकडे उत्तराला कागद नाही.

बरं, सभेनंतर या ठरावाचं काय होतं? अंदाजपत्रक तयार होतं, तांत्रिक मान्यता घेतली जाते, प्रशासकीय मान्यता येते, निविदा निघते, कार्यारंभ आदेश जातो, मोजमाप पुस्तिकेत मोजमापं चढतात, देयक निघतं. प्रत्येक टप्प्यावर कुणाची तरी सही असते. सह्यांना तोटा नाही. तरी रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला की सरपंच म्हणतात बांधकाम विभागाला विचारा, विभाग म्हणतो ठेकेदाराला नोटीस दिली आहे, ठेकेदार म्हणतो माझं शेवटचं बिलच निघालेलं नाही. दहा सह्यांचं काम कुणाचंच नसतं. प्रत्येकाने आपल्यापुरता कागद पुढे सरकवलेला असतो आणि अख्ख्या कामाची जबाबदारी कुणीच घेतलेली नसते.

या कारभारातली सर्वांत धोक्याची जागा मात्र विषयपत्रिकेच्या तळाशी असते. "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय." पुरात पूल वाहून गेला, साथ आली, तर अशी खिडकी लागतेच. पण कितीतरी ठिकाणी पैशांचे मोठे विषय याच खिडकीतून आत येतात, कारण आयत्या वेळच्या विषयावर अभ्यास करून कुणी आलेलं नसतं. दुसरी तशीच जागा तहकूब सभेची. ग्रामसभेला गावातल्या १५ टक्के किंवा १०० मतदारांचा, यांपैकी जी संख्या कमी असेल तिचा, कोरम लागतो. कोरमअभावी सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला ती अट राहत नाही. मग चार माणसांत तेच विषय 'सर्वानुमते' मंजूर होतात. तिसरी जागा कामाचे तुकडे पाडण्याची. एकच रस्ता तीन भागांत कागदावर आणला की प्रत्येक भाग ई-निविदेच्या मर्यादेखाली बसतो. या तिन्ही ठिकाणी कायदा मोडलेला दिसत नाही. निर्णय मात्र लोकांच्या नजरेआड घेतलेला असतो.

कारण

पुणे नगरपालिकेत १८७६ ते १८८२ या काळात महात्मा जोतीराव फुले सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मतं घेतली गेली तेव्हा विरोधात ते एकटे होते. पुढे शहरात मोठी मंडई बांधायचं ठरलं तेव्हाही शिक्षणाची गरज आधी भागवा, हाच त्यांचा आग्रह होता.

मंडई हवी होती की नको, यावर आज दोन मतं असू शकतात. माझा मुद्दा वेगळा आहे. हा विरोध उघड होता, कारणासकट होता, आणि पैसा एका ठिकाणी गेला की तो दुसऱ्या ठिकाणाहून काढलेला असतो ही जाणीव त्यात होती. आपल्या आजच्या 'सर्वानुमते'मध्ये नेमकं हेच हरवलं आहे. अंदाजपत्रकातला प्रत्येक रुपया कुणाला तरी दिलेला आणि कुणाला तरी नाकारलेला असतो. ज्याला नाकारला त्याला कारण कळलंच पाहिजे.

कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा देशाआधी केला. २००५ मध्ये देशाचा कायदा आला. अर्ज करून तीस दिवसांत माहिती मिळवणं, एवढाच भाग आपल्याला माहीत असतो. पण त्याच कायद्याचं कलम ४ त्याहून मोठं आहे. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यामागची सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणं, आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणं देणं, हे सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता. हे कलम गावागावांत पाळलं गेलं, तर निम्मे माहिती अधिकाराचे अर्ज करावेच लागणार नाहीत.

यावर अनेक प्रामाणिक अधिकारी मला एक आक्षेप सांगतात आणि तो मी मनापासून ऐकतो. ते म्हणतात, "कारणं लिहायला गेलो की उद्या चौकशीत तीच आमच्याविरुद्ध वापरतील. त्यापेक्षा फाइल वर पाठवलेली बरी." ही भीती खोटी नाही. पण तिचा परिणाम असा होतो, की निर्णय घेण्याची ज्याची हिंमत असते तो अडकतो आणि निर्णय टाळणारा बिनधास्त निवृत्त होतो. उलट, ज्याने त्या वेळी उपलब्ध माहिती, समोरचे पर्याय आणि त्यातला एक निवडण्याचं कारण लिहून ठेवलं आहे, त्याच्या हातात पुढे काही चुकलं तरी आपल्या हेतूचा पुरावा राहतो. लेखापरीक्षकांनी आणि चौकशी करणाऱ्यांनीही चुकलेला अंदाज आणि लबाडी यांत फरक केला पाहिजे. कारण लिहिण्याची सवय लागली, तर तो फरक करायला त्यांच्याकडे आधार येईल.

नाव

शहरांत जबाबदारीचं नाव शोधणं आणखी कठीण आहे. महानगरपालिकेत लोकांनी निवडलेलं सभागृह असतं, त्याचा महापौर असतो. पण कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात आणि आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करतं. ही विभागणी मुंबईच्या १८८८ च्या कायद्यापासून चालत आली आहे. चांगला आयुक्त आणि जाणतं सभागृह एकत्र आले की तिचे फायदेही दिसतात. पण नागरिकाच्या बाजूने पाहिलं तर ती अशी दिसते : नगरसेवक म्हणतो प्रशासन ऐकत नाही, प्रशासन म्हणतं सभागृहाने मंजुरी दिली नाही, आणि दोघंही म्हणतात शासनाकडून पैसा आला नाही. जकात गेली, स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला, २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईवर महापालिका चालतात. त्यामुळे हे तिसरं उत्तर बऱ्याचदा खरंही असतं.

त्यात प्रभागांची रचना दर निवडणुकीला बदलते. पुण्यात २०१२ मध्ये एका प्रभागातून दोन नगरसेवक निवडले गेले, २०१७ मध्ये चार. एका मोठ्या प्रभागात चौघं निवडून आले की ड्रेनेज तुंबल्यावर कुणाचं दार ठोठावायचं? कामाचं श्रेय चौघांच्या फलकांवर असतं; तक्रार मात्र एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. यात मी कुठल्याही पक्षाला दोष देत नाही; सत्तेवर आलेल्या प्रत्येक पक्षाने प्रभागांचा हा खेळ खेळला आहे. पण मतदाराला आपला प्रतिनिधी कोण हे बोट दाखवून सांगता आलं पाहिजे, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी.

आणि गेल्या काही वर्षांत तर प्रतिनिधीच नव्हते. घटनेच्या २४३-यू या अनुच्छेदात पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण करावी असं स्पष्ट लिहिलं आहे. तरी औरंगाबाद, नवी मुंबई, कोल्हापूर यांसारख्या महानगरपालिका २०२० पासून आणि मुंबई, पुण्यासह इतर अनेक २०२२ पासून प्रशासकांच्या हाती होत्या. आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयातली प्रकरणं यांत वर्षं गेली. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. या काळात आयुक्त म्हणून ज्याने अंदाजपत्रक तयार केलं, त्यानेच प्रशासक म्हणून ते मंजूर केलं. प्रश्न विचारणारी खुर्चीच रिकामी होती. माणूस कितीही सचोटीचा असो, स्वतःच स्वतःचा जाब घेणं ही लोकशाही नव्हे. रस्ते झाले, पूल झाले, असं कुणी म्हणेल. कदाचित झालेही असतील. पण ते तिथेच का झाले, हे भर सभेत विचारण्याचा आपला हक्क त्या वर्षांत आपल्याकडे नव्हता, आणि त्याबद्दल रस्त्यावर फारसं कुणी उतरलंही नाही. मला याची खंत वाटते.

तारीख

आता तिसरी गोष्ट. तारखेच्या बाबतीत महाराष्ट्राकडे कायद्यांची कमतरता नाही. २००५ चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा अधिनियम आहे, ज्याला सगळे दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्यात एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं म्हटलं आहे. तातडीच्या फाइलींना त्याहून कमी मुदत आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी कोण, किती दिवसांत सेवा द्यायची आणि न दिल्यास अपील कुणाकडे करायचं, हे जाहीर करावं लागतं. कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

या दुसऱ्या कायद्याकडे नीट पाहा. जन्माच्या दाखल्यासाठी आपण नाव ठरवलं, तारीख ठरवली, दादही ठरवली. त्यामुळे दाखला मागणाऱ्या माणसाच्या हातात आज काहीतरी आहे. मग गावाच्या पाणीपुरवठा योजनेसाठी, शाळेच्या गळक्या छपरासाठी, कचरा डेपो हलवण्याच्या ठरावासाठी हे का नाही? एका माणसाच्या कागदाला जी शिस्त आपण लावली, ती हजार माणसांच्या निर्णयाला लावायला काय हरकत आहे?

हे अवघड आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या महिला बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसावं. दहा-पंधरा बायका सतरंजीवर गोल बसलेल्या असतात. मधे वही. कर्ज कुणाला, कशासाठी, किती, परत कधी, हे सगळं वहीत चढतं आणि पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचलं जातं. शेळीसाठी घेतलेले पैसे शेळीलाच गेले का, हेही विचारलं जातं आणि विचारल्याचा कुणाला राग येत नाही. वर्षानुवर्षं हा व्यवहार सांभाळलेल्या बायकाच आता निम्म्या जागांवर निवडून आल्या आहेत. ग्रामपंचायतीत त्यांच्या मागे बसून कारभार हाकणाऱ्या पतिराजांनी बाजूला व्हावं, आणि त्या वहीची शिस्त तिथे येऊ द्यावी.

जिथे हे घडलं

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पर्जन्यछायेतलं गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या काळात पाणलोटाची कामं झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. बंधारे इतर गावांतही झाले. हिवरे बाजारचं वेगळेपण पाण्याच्या ताळेबंदात आहे. पाऊस किती पडला हे गावातच मोजायचं, जनावरांना, माणसांना, शेतीला किती पाणी लागेल याचा हिशोब ग्रामसभेसमोर मांडायचा आणि त्यावरून त्या वर्षी कुठली पिकं घ्यायची ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, हे नियम गावाने स्वतःवर लावून घेतले. ते टिकले, कारण त्यामागचा आकडा सगळ्यांनी पाहिलेला असतो. ज्याला ऊस लावता येत नाही त्याला का लावता येत नाही हे माहीत असतं.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव वेगळ्या वाटेने तिथेच पोचलं. तिथे निर्णय बहुमताने घेत नाहीत, सर्वसहमतीने घेतात. हे सांगायला सोपं आणि करायला कष्टाचं आहे. त्यासाठी गावाने अभ्यासगटाची पद्धत लावून घेतली. कायदा, जंगल, हिशोब यांवर आधी चर्चा करायची, माहिती गोळा करायची, आणि मग ग्रामसभेत ठरवायचं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य दिलं. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनविभागाकडेच राहिला होता. तो अधिकारही ग्रामसभेने झगडून घेतला आणि एप्रिल २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हक्काचा ठराव आणि हक्क हातात येणं यांतलं अंतर त्या गावाने जागं राहून कापलं.

शहरातही प्रयत्न झाले. पुण्याने २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली लहान कामं अंदाजपत्रकासाठी सुचवायची संधी दिली. ही पद्धत टिकून राहिली हे मोठं आहे. पण सुचवलेल्या कामाचं काय झालं, नाकारलं तर का, हे सुचवणाऱ्याला कळेल तेव्हाच तिचं सार्थक होईल. शहरांसाठी क्षेत्रसभांची तरतूदही राज्याच्या कायद्यात आहे. ती वापरात यायला हवी.

जवळचा कारभार आपोआप न्यायाचा होत नाही

इथे मला एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाबद्दलच्या भाबड्या कल्पनांवर कठोर टीका केली. ज्या माणसाने महाड पाहिलं होतं त्याला गावगाड्याचे गोडवे गाणं शक्यच नव्हतं. पुढे त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचा अनुच्छेद घटनेत आला. ही टीका आणि तो अनुच्छेद, दोन्ही मला बरोबर धरायची आहेत.

सत्ता खाली आली की ती गावातल्या बळकटांच्या हातात पडण्याचा धोका असतोच. पाण्याची टाकी कुठल्या वस्तीत बसते, स्मशानभूमीचा रस्ता कुणाचा होतो, घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव वर जातं, यात जात आणि भावकी बोलते. म्हणून कारण, नाव आणि तारीख यांची मागणी सगळ्यांत जास्त त्या माणसाच्या कामाची आहे, ज्याच्या पाठीशी गावात बहुमत नाही. पाटलाला काम करून घ्यायला इतिवृत्त लागत नाही. वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या कुटुंबाला लागतं. आपल्या कायद्याने ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा ठेवली आहे, ती याच जाणिवेने. ती कागदावर उरकणं म्हणजे निम्म्या गावाचा आवाज दाबणं आहे.

काय करता येईल

शेवटी ठोस बोलतो. यांतल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. सभेने ठरवलं तर पुढच्या सभेपासून सुरू करता येतात.

पहिलं, प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेवर इतिवृत्त कायम करण्याच्या लगोलग मागच्या ठरावांवरील कार्यवाहीचा अहवाल हवा. कुठला ठराव कुठे अडला, कुणाकडे अडला, हे नावानिशी वाचलं जावं. दुसरं, पैशाचा कुठलाही विषय आयत्या वेळी घ्यायचा नाही. आपत्तीत घ्यावा लागला तर आपत्ती काय ते लिहायचं आणि पुढच्या सभेपुढे ठेवायचं. तिसरं, ठरावातच कारण लिहायचं, आणि विरोध झाला असेल तर विरोध करणाऱ्याचं म्हणणंही दोन ओळींत लिहायचं. 'सविस्तर चर्चा होऊन' एवढ्यावर भागवायचं नाही. चौथं, पाच लाखांच्या कामाचाही फलक कामाच्या जागीच लावायचा : किती पैसे, कुठल्या निधीतून, ठेकेदार कोण, देखरेख करणारा अभियंता कोण, काम कधी संपणार, दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षं. मोजमाप पुस्तिकेची प्रत ग्रामसभेत ठेवायची, म्हणजे ज्यांच्या दारातून रस्ता जातो त्यांना काँक्रीट कागदावर किती इंच आणि जमिनीवर किती इंच हे ताडून पाहता येईल. पाचवं, लेखापरीक्षणातले आक्षेप आणि त्यांची पूर्तता वर्षातून एकदा सभेत वाचून दाखवायची. आज ते आक्षेप कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतात आणि ज्यांच्या पैशाबद्दल ते आहेत त्यांनाच ते ठाऊक नसतात.

यातलं बरंचसं काम ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर पडेल हे मला माहीत आहे. एका माणसाकडे कधी दोन-दोन गावं असतात आणि वरून येणारे तक्ते भरता भरताच त्याचा दिवस संपतो. जिल्हा परिषदेने त्याच्याकडून मागायचे तक्ते कमी केले, तर गावाला द्यायच्या उत्तरांसाठी त्याला वेळ मिळेल. जाब वरच्या कार्यालयाला द्यायचा की खालच्या लोकांना, यात आपण आजवर वरच्या कार्यालयाची निवड केली आहे. ती बदलावी लागेल.

आणि आपलं काय? आपण सभेला जात नाही. ग्रामसभेत भांडणं होतात म्हणून जात नाही, शहरात तर प्रभाग समितीची बैठक कधी होते हेही आपल्याला माहीत नसतं. घरपट्टी, पाणीपट्टी भरतो आणि तिथे आपला संबंध संपतो असं मानतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं सरपंचावर बंधनकारक आहे. योग्य कारणाशिवाय त्या घेतल्या नाहीत तर त्याचं पद जाऊ शकतं. त्या चार दिवसांपैकी एक तरी दिवस आपला असला पाहिजे. तिथे मोठं भाषण करायची गरज नाही. उभं राहून एवढंच विचारायचं : मागच्या सभेत जे ठरलं, त्याचं काय झालं? उत्तर नीट मिळालं तर ते देणाऱ्याचे भर सभेत आभार मानायचे. नाही मिळालं, तर तोच प्रश्न आणि आलेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावायचं, आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारायचं.

यशवंतरावांच्या पिढीने कारभार लोकांच्या हाती दिला. तो लोकांना जाब देणारा करणं आपल्या पिढीकडे आलं आहे, आणि त्यासाठी लागणारे बहुतेक अधिकार आपल्याकडे आधीच आहेत. ते वापरायला सुरुवात करू या.